काच अडकली म्हणजे मोटर गेली असं नाही

गाडीची काच अर्ध्यावर अडली की बोट आपोआप बटण दाबत राहतं. एकदा, दोनदा, दहादा. जरा हलल्यासारखी वाटली की आणखी जोरात. बटण जोरात दाबून काचेला जास्त जोर मिळत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी हात थांबत नाही. यात नुकसान मात्र होतं. पॉवर विंडोच्या बऱ्याच मोटरींमध्ये तापमानावर चालणारी एक सुरक्षा-कळ असते. मोटर अडून तापली की ही कळ वीज तोडते आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडते. म्हणजे दोष किरकोळ असला, तरी सतत बटण दाबून आपणच मोटर ठप्प पाडतो आणि 'आता तर आवाजही येत नाही' अशी तक्रार घेऊन गॅरेज गाठतो. तिथे निदान तयारच असतं: मोटर गेली, बदलावी लागेल.

कधी कधी ते बरोबरही असतं. पण बटणापासून काचेपर्यंतच्या वाटेवर मोटरशिवाय बरंच काही आहे, आणि त्यातलं काहीही बिघडलं तरी बाहेरून दिसणारं चित्र एकच: काच हलत नाही. सुदैवाने दोष नेमका कुठे आहे याच्या खुणा खिडकी स्वतःच देते. त्या ओळखायला हत्यारं लागत नाहीत. म्हणून आधी काही मिनिटं बटणाला हात लावू नका, मोटर थंड होऊ द्या, आणि मग पुढचं वाचा.

दरवाजाच्या आत काय असतं

बटण दाबलं की वीज फ्यूज, बटण आणि वायरिंगमधून मोटरपर्यंत जाते. मोटर छोटी, १२ व्होल्टवर चालणारी आणि दोन्ही दिशांना फिरणारी. तिच्या दोन टोकांपैकी एका टोकाला वीज दिली की काच वर, दुसऱ्याला दिली की खाली. बटणाचं काम एवढंच, की वीज कुठल्या टोकाला द्यायची ते ठरवायचं.

मोटर नुसती गोल फिरते, काच मात्र सरळ वर-खाली जायला हवी. हे काम रेग्युलेटर करतो. काही गाड्यांत त्याला कात्रीसारखे पोलादी हात असतात. हल्ली जास्त दिसतो तो केबलवाला रेग्युलेटर. झेंड्याच्या खांबावरची दोरी डोळ्यांपुढे आणा. वरच्या कप्पीवरून गेलेली, खाली फिरून आलेली एकच दोरी, आणि झेंडा तिला एका जागी बांधलेला. दोरीची एक बाजू ओढली की झेंडा चढतो, दुसरी ओढली की उतरतो. इथे दोरीऐवजी बारीक पोलादी केबल, ओढणाऱ्या माणसाऐवजी मोटरला जोडलेलं एक चाक, आणि झेंड्याच्या जागी काच. काच केबलला थेट बांधलेली नसते. रुळावर सरकणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये ती धरलेली असते आणि ती क्लिप केबलला जोडलेली असते. ही क्लिप लक्षात ठेवा.

शेवटचा भाग काचेच्या दोन्ही बाजूंचं रबरी चॅनेल, ज्याला बहुतेक जण सरसकट बीडिंग म्हणतात. काच याच खाचेतून सरकते. नवं असताना ते मऊ आणि गुळगुळीत असतं. उन्हाने आणि धुळीने ते कडक होतं, आणि मग काच त्यात घासत, रखडत चालते.

मोटरची एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. तिचा दांडा केबल ओढणाऱ्या चाकाला थेट जोडलेला नसतो. दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात आणि ते एका दातेरी चक्राला फिरवतात. अशा जोडणीत स्क्रू चक्राला फिरवतो, पण चक्र स्क्रूला फिरवू शकत नाही. त्यामुळे बाहेरून कुणी काच दाबून खाली करू शकत नाही, आणि खड्ड्यांत आदळूनही काच आपोआप उतरत नाही. पण याच कारणाने मोटर बंद पडली की काच हाताने वर ओढणंही जवळपास अशक्य होतं. उलट काच हाताने सहज वर-खाली होत असेल, तर ती मोटरपासून सुटलेली आहे. ही एक खूणच अर्धं निदान करून टाकते.

आधी कान लावा

इंजिन बंद, इग्निशन चालू, रेडिओ आणि पंखा बंद. कान दरवाजाच्या पॅडजवळ (आतल्या आवरणाजवळ) नेऊन बटण एकदा वर आणि एकदा खाली दाबा. एकेका सेकंदापेक्षा जास्त नको.

मोटर घर्र करून फिरते आहे, पण काच जागची हलत नाही? मग वीज ठीक, मोटरही ठीक. दोष त्यापुढे आहे: केबल तुटली असेल, चाकावर गुंता झाला असेल किंवा क्लिप मोडली असेल. घर्र आवाजात मधूनच कटकट किंवा करकर ऐकू आली तर केबल चाकावरून उतरलीय किंवा दाते झिजलेत असं समजा, आणि बटण पुन्हा दाबू नका. सैल केबल आणखी गुंतते आणि चांगले भागही खराब करते.

काच हलते पण कण्हत, थांबत थांबत? तिथे बहुधा चॅनेलचं घर्षण वाढलेलं असतं. खाली जाताना बरी आणि वर येताना रडतखडत असेल तर संशय आणखी पक्का, कारण वर जाताना मोटरला काचेचं वजनही उचलायचं असतं. इंजिन चालू करून पाहा. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट देते. इंजिन चालू झाल्यावर हा आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास जातो. एवढ्या फरकाने काच चढत असेल, तर यंत्रणा अजून जिवंत आहे, फक्त थकलेली आहे.

नुसती एक बारीक 'टक्' येते आणि पुढे काही नाही? आवाज कुठून आला ते महत्त्वाचं. डॅशबोर्डच्या किंवा फ्यूज बॉक्सच्या बाजूने आला तर तो रिलेचा, म्हणजे मोठी वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या विद्युत-कळीचा. बटणाचा निरोप तिथवर पोचतोय, पण पुढचं सांगता येत नाही. दरवाजाच्या आतून आला तर मोटर एक झटका घेऊन अडकते आहे.

आणि पूर्ण शांतता असेल तर? मग गाडीच्या छतातला दिवा लावा, शक्यतो अंधारात, आणि त्याच्याकडे बघत बटण दाबा. दिवा किंचित मंदावला तर मोटर वीज खेचते आहे पण फिरू शकत नाही, म्हणजे कुठेतरी जाम आहे. दिवा जराही हलला नाही तर वीज मोटरपर्यंत पोचत नाही, किंवा मोटर आतून तुटलेली आहे. जुन्या पिवळ्या बल्बवर हे स्वच्छ दिसतं, एलईडी दिव्यावर दिसेलच असं नाही. फुकटातल्या चाचण्यांत माझी ही सगळ्यात लाडकी.

वीज नेमकी कुठे थांबते

पहिली शंका लॉकच्या बटणाची. ड्रायव्हरच्या दरवाजावर, बाकीच्या खिडक्या बंद ठेवणारं एक बटण असतं, आणि ते चुकून दाबलं गेल्याने हैराण झालेली माणसं कमी नाहीत. जाता जाता आणखी एक: मागच्या दरवाजाची काच बऱ्याच गाड्यांत पूर्ण खाली जातच नाही, कारण त्या दरवाजाचा खालचा भाग चाकाच्या कमानीने खाल्लेला असतो. तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे.

मग फ्यूज. 'बाकीच्या तीन खिडक्या चालतात, मग फ्यूज कसा गेला असेल?' हा प्रश्न हमखास येतो. काही गाड्यांत सगळ्या खिडक्यांना एक फ्यूज असतो, काहींत प्रत्येकीला वेगळा. गाडीचं मॅन्युअल आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ता बघितल्याशिवाय सांगता येत नाही. फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा टाका. तोही लगेच उडाला तर आणखी मोठा टाकून बघू, हा विचार डोक्यातून काढा. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. मोठा टाकला की फ्यूजऐवजी वायर जळते, तीही दरवाजाच्या पॅडमागे, न दिसणाऱ्या जागी.

पुढे बटण. ड्रायव्हरच्या शेजारची खिडकी ड्रायव्हरच्या बटणाने चालत नाही पण तिच्या स्वतःच्या बटणाने चालते, तर मोटर आणि रेग्युलेटर निर्दोष आहेत. उलट प्रकार थोडा फसवा असतो. बऱ्याच गाड्यांमध्ये इतर खिडक्यांच्या मोटरीतल्या विजेचा परतीचा मार्ग ड्रायव्हरकडच्या मास्टर स्विचमधून जातो. त्यामुळे मास्टर स्विचमधलं एक संपर्क-टोक काळं पडलं तरी मागची खिडकी मरते, आणि लोक मागच्या दरवाजाचं पॅड उघडून बसतात. मास्टर स्विच लवकर खराब होतो त्याला साधं कारण आहे: तो सर्वांत जास्त वापरला जातो आणि उघड्या खिडकीतून येणारा पाऊस थेट त्याच्यावर पडतो.

पण माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित जागा वेगळीच आहे. दरवाजा उघडा आणि बिजागरीच्या बाजूला, गाडीच्या खांबापासून दरवाजात जाणारी काळी, सुरकुत्यांची रबरी नळी बघा. दरवाजाच्या सगळ्या वायर तिच्यातून जातात. दरवाजा उघडताना-मिटताना प्रत्येक वेळी त्या वाकतात. वर्षानुवर्षं एकाच जागी वाकून आतली तांब्याची तार तुटते आणि वरचं प्लॅस्टिकचं आवरण मात्र शाबूत राहतं. बघून काही कळत नाही. पण एक चाचणी आहे. कुणाला तरी बटण दाबून धरायला सांगा आणि तुम्ही दरवाजा हळूहळू उघडत, मिटत न्या. एखाद्या विशिष्ट कोनात काच अचानक झटका घेते आणि पुढे सरकवल्यावर परत थंड पडते. तेव्हा तुटलेल्या तारेची टोकं क्षणभर एकमेकांना भिडलेली असतात. त्याच दरवाजाचा स्पीकर, सेंट्रल लॉक किंवा आरसाही अधूनमधून रुसत असेल तर शंकाच उरत नाही. असा दोष ड्रायव्हरच्या दरवाजात जास्त, कारण तोच जास्त उघडतो. दुरुस्ती करताना तारेची टोकं नुसती पिळून टेप गुंडाळली तर ती पुन्हा तुटणार. मऊ, बारीक तारांची वायर थोडी ढिली सोडून सोल्डर करायला हवी, आणि सोल्डरचा जोड वाकणाऱ्या भागात न ठेवता आतल्या बाजूला घ्यायला हवा.

मोटर फिरते, काच नाही

आता ती क्लिप. गाडीतल्या स्वस्त भागांपैकी एक, पण काचेचं सगळं वजन तिच्यावर. उन्हात दरवाजाचा पत्रा तापतो आणि आतलं प्लॅस्टिक वर्षागणिक ठिसूळ होतं. मग एक दिवस दरवाजा जरा जोरात आपटला जातो आणि 'ठक्' आवाज करून काच दरवाजाच्या पोटात पडते. झेंड्याच्या खांबाकडे परत गेलात तर दोरी, कप्पी, ओढणारा माणूस सगळं धड आहे, फक्त झेंड्याची गाठ सुटली आहे. दोरी कितीही ओढा.

काचेला दोन क्लिप असतील आणि एकच मोडली असेल तर काच तिरकी होते. एक कोपरा वर, एक खाली. इथे बटण लगेच सोडायचं. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. त्यांचा मधला भाग मार सहन करतो, पण कडा नाजूक असते. तिरकी काच चौकटीत अडवून मोटरने ढकलली तर कडेवर ताण येतो आणि पूर्ण काच एका क्षणात बारीक तुकड्यांचा ढीग होते. स्क्रू-ड्रायव्हरने कडेला टेकू देऊन काच उचकटणं याच कारणाने वाईट.

काच वर जाते आणि स्वतःच खाली येते

हा प्रकार लोकांना सर्वांत जास्त चक्रावतो. काच शेवटच्या चार बोटांपर्यंत येते, थांबते आणि परत उतरते. भुताटकी वाटावी असा प्रकार, पण गाडी इथे नियमाप्रमाणे वागत असते.

एकदा बटण ओढलं की स्वतःहून पूर्ण बंद होणाऱ्या खिडक्यांमध्ये अँटी-पिंच नावाची सोय असते. काचेत हात किंवा मान सापडली तर काच मागे फिरावी हा हेतू. अमेरिका आणि युरोपमधल्या नियमांत यासाठीची मर्यादा १०० न्यूटन आहे. साधारण १० किलो वजनाचा भार पडावा एवढा हा जोर. त्यापेक्षा जास्त जोर लागायच्या आत काच उलटी फिरली पाहिजे.

पण काचेला हात कसा जाणवतो? जाणवत नाहीच. बऱ्याच गाड्यांत मोटरच्या दांड्यावर छोटं चुंबक असतं आणि शेजारचा सेन्सर दांड्याचे फेरे मोजतो. फेऱ्यांचा वेग अचानक मंदावला की गाडीतला संगणक एवढंच समजतो, की काहीतरी आड आलं. तो हात आहे की कडक झालेलं रबर, की वरच्या चॅनेलमध्ये घुसलेली पाऊस-पट्टी (खिडकीवर लावलेला रेन व्हायझर), हे त्याला कळायला मार्ग नाही. त्यामुळे यावर उपाय मोटर बदलण्याचा नाही. चॅनेल ओल्या कापडाने आतपर्यंत पुसा, वाळू द्या आणि सिलिकॉनचा स्प्रे अगदी थोडा मारा. ग्रीस, इंजिन ऑइल किंवा गंज सोडवणारा स्प्रे रबरावर नको. सुरुवातीचे दोन दिवस काच लोण्यासारखी चालेल, मग त्यावर धूळ बसून लगदा होईल, आणि खनिज तेलाने रबर फुगतं ते वेगळंच.

बॅटरी काढून परत जोडल्यावरही असंच होऊ शकतं. 'वरचं टोक' कुठे आहे याची मोजणी संगणक विसरलेला असतो. एका झटक्यात बंद होणारी काच टप्प्याटप्प्याने जाते किंवा परत येते. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण बंद करून बटण आणखी काही सेकंद वर धरून ठेवलं की मोजणी पुन्हा बसते. नेमका क्रम गाडीगणिक वेगळा असतो, तो मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

आभाळ भरून आलंय, आत्ता काय करू?

दुरुस्ती नंतर, आधी काच वर. एकाने बटण वरच्या दिशेने धरायचं आणि दुसऱ्याने काचेच्या आतून-बाहेरून दोन्ही तळवे घट्ट लावून वर सरकवायचं. थकलेली मोटर आणि घासणारं चॅनेल असेल तर एवढ्या आधाराने काच बऱ्याचदा चढते. चढल्यावर दुरुस्तीपर्यंत ते बटण विसरून जा.

मोटर पूर्ण शांत असेल तर बटण दाबलेलं असताना पॅडच्या मधल्या-खालच्या भागावर मुठीने दोन-तीन थापा मारून बघा. हसू येईल, पण यामागे कारण आहे. मोटरमध्ये फिरत्या भागाला वीज देणारे कार्बन झिजले की नीट टेकत नाहीत. धक्क्याने ते क्षणभर टेकतात आणि मोटर फिरते. थापेने काच चढली तर मोटरचे दिवस भरलेत, हे निदानही हातासरशी झालं.

काच सैल होऊन पडली असेल आणि वरून कड हाताला लागत असेल तर दोन्ही बाजूंनी धरून सरळ वर ओढा. काच आणि चौकट कोरडी पुसा. रुंद चिकटपट्टी आतून काचेवर, मग चौकटीवरून, मग बाहेर काचेवर अशी दोन-तीन ठिकाणी लावा. वेगात गाडी चालवू नका, वाऱ्यामुळे काच बाहेरच्या बाजूला ओढली जाते. पट्टी उन्हात फार दिवस राहिली तर रंगावर चिकट डाग सोडते.

पॅड स्वतः उघडावं का?

हाताला सवय असेल तर उघडता येतं. सवय नसेल तर निदानापर्यंत थांबलात तरी पुष्कळ झालं.

उघडणारच असाल तर आधी बॅटरीचं ऋण टोक काढा आणि काही मिनिटं थांबा. काही गाड्यांच्या दरवाजात बाजूच्या एअरबॅगशी जोडलेला सेन्सर असतो. एअरबॅगच्या वायरिंगचे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लॅस्टिकचे सांधे, सहसा पिवळे असतात. त्यांना हात लावायचा नाही आणि चाचणी-दिवा (वीज येते का बघायचा, वायर जोडलेला छोटा बल्ब) तर लावायचाच नाही. स्क्रू बहुधा हँडलच्या खोबणीत आणि आर्मरेस्टखाली, छोट्या टोप्यांमागे लपलेले असतात. ते निघाल्यावर कडेच्या क्लिप एकेक सोडवून पॅड वरच्या दिशेने उचलायचं. एकदम ओढलं तर मागचे कपलर तुटतात.

पॅडमागे प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट पदार्थाने चिकटवलेला दिसेल. अनेक जण तो फाडून फेकतात. तिथे नवा त्रास सुरू होतो. गाडीचा दरवाजा आतून कोरडा असतो हा सार्वत्रिक गैरसमज आहे. काचेवरून ओघळणारं पाणी बाहेरच्या बीडिंगमधून दरवाजाच्या पोटात जातच असतं आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर पडतं. रचनाच तशी केलेली असते. तो कागद हे पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. फाडला की पहिल्या पावसात पायाखालची मॅट ओली. आणि तळाची छिद्रं चिखलाने बुजली की पाणी आत साचतं, मोटर आणि रूळ गंजतात. दरवाजाच्या खालच्या कडेची ही छिद्रं काडीने मोकळी करायला एक मिनिट लागतं. गाडी धुताना पत्रा चकचकीत करणारे लोक तिकडे ढुंकूनही बघत नाहीत.

आत पोचलात की मोटरचा कपलर सोडा आणि त्याच्या दोन टोकांमध्ये चाचणी-दिवा धरा. एअरबॅगचा कुठलाही कपलर सुटलेला नाही हे बघून बॅटरी जोडा आणि बटण दाबा. वर आणि खाली दोन्ही वेळी दिवा लख्ख लागला तर वीज पोचते आहे, आणि मग मोटर गेली म्हणायला हरकत नाही. इथे मल्टिमीटरपेक्षा दिवा बरा. एकच तंतू शिल्लक राहिलेल्या वायरीतूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळपास वीज खेचतच नाही. दिवा खेचतो, म्हणून अशा वायरीवर तो मिणमिणू शकतो. मात्र नव्या गाड्यांत दरवाजातच छोटा संगणक असेल तर ही चाचणी लागू पडत नाही, तिथे स्कॅनर लागतो.

बोटं जपा. कात्रीवाल्या रेग्युलेटरमध्ये काचेचं वजन तोलणारी जाड स्प्रिंग असू शकते. मोटर काढली की रेग्युलेटरचे पोलादी हात जोरात झेपावतात. काच वर पक्की बांधून ठेवल्याशिवाय आणि रेग्युलेटर अडवल्याशिवाय मोटरचे बोल्ट सोडायचे नाहीत.

'पूर्ण सेट बदला' म्हणतात, ही लूट आहे का?

दर वेळी नाही. केबल, चाक, कप्प्या आणि रूळ एका ठराविक ताणात कारखान्यात बसवलेले असतात, आणि बऱ्याचदा रिव्हेट मारलेले असतात. तुटलेली केबल सुटी बदलली तर तो ताण साधणं कठीण, म्हणून रेग्युलेटर पूर्ण बदलणं रास्त. पण बऱ्याच रचनांमध्ये मोटर वेगळ्या स्क्रूंनी बसवलेली असते. जुनी मोटर चांगली असेल तर ती नव्या रेग्युलेटरवर चढते. नुसती क्लिप मोडली असेल तर काही गाड्यांसाठी क्लिपचा संच सुटाही मिळतो. त्यामुळे गॅरेजमध्ये एकच प्रश्न विचारा: मोटरपर्यंत वीज येते का, हे तपासलं का? उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून पुष्कळ कळतं.

नवी मोटर बसवली आणि चॅनेल तसंच कडक राहिलं तर तीही त्याच वाटेने जाणार, हेही तेव्हाच बोलून घ्या.

त्यापेक्षा हाताने फिरवायचं हँडल बरं होतं, असं म्हणणारे भेटतात. थोडं खरं आहे. पण हँडलवाल्या दरवाजातही रेग्युलेटर आणि काच धरणारे भाग असतातच, आणि तेही मोडतात. हँडल फक्त मोटर आणि वायरिंग वजा करतं. आणि वीज आली म्हणून नाजूकपणा आला असंही नाही: १९४०मध्ये अमेरिकेतल्या पॅकार्ड १८० गाडीत आलेल्या सुरुवातीच्या पॉवर विंडो तेलाच्या दाबावर चालत. गळक्या तेलापेक्षा आजची मोटर पुष्कळ सुटसुटीत.

गाडी पाण्यात गेली तर?

ही भीती बिनबुडाची नाही. पाण्यात पडलेल्या गाडीतली वीज काही काळ चालू राहू शकते, पण किती वेळ याचा भरवसा नाही. शिवाय पाणी काचेवर चढू लागलं की बाहेरच्या दाबाने काच चॅनेलवर दाबली जाते आणि चालू मोटरलाही ती हलवणं जड जातं. दरवाजाही त्याच दाबाने उघडत नाही. म्हणून पहिल्याच क्षणी, गाडी तरंगत असतानाच, सीटबेल्ट सोडून काच खाली करायची आणि बाहेर पडायचं. फोन करण्यात तो वेळ घालवायचा नाही.

काच उघडलीच नाही तर फोडावी लागते, आणि इथे काचेचा प्रकार महत्त्वाचा. टफन्ड काच टोकदार हातोडीने किंवा स्प्रिंगच्या पंचने, कोपऱ्याजवळ मारल्यास फुटते. लॅमिनेटेड काचेत मध्ये प्लॅस्टिकचा थर असतो. तिला तडे जातात, पण ती जागची हलत नाही. काही नव्या गाड्यांत पुढच्या दरवाजांच्या काचाही लॅमिनेटेड येऊ लागल्या आहेत. तुमच्या गाडीत कुठल्या आहेत ते काचेच्या खालच्या कोपऱ्यातल्या बारीक छापाजवळ बहुधा लिहिलेलं असतं. चारही काचा बघून घ्या, कारण पुढच्या आणि मागच्या वेगळ्या असू शकतात. आणि पंच घेतलात तर तो डिकीत न ठेवता ड्रायव्हरचा हात पोचेल तिथे अडकवा.